मागच्या खोलीच्या तीन निवडणुका

बादकाकांनी त्या दिवशी सकाळी नुसतं "खोली मला हवी" एवढं म्हटलं असतं, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण तीन शब्दांत होणारं काम तीन शब्दांत उरकायचं, तर माणसाने निवडणूक कचेरीत एकतीस वर्षं काढायची कशाला?

आधी बादकाका कोण ते सांगतो. त्यांचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदाशिवाय कुठेच सापडत नाही. मतमोजणीच्या दिवशी सगळ्या शंकास्पद मतपत्रिका त्यांच्या टेबलावर यायच्या. फुली दोन चौकोनांच्या मधोमध पडलेली, शाई फुटलेली, कुणी उमेदवाराच्या चिन्हाला मिशा काढलेल्या. बादकाका ती पत्रिका उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि "बाद!" अशी आरोळी ठोकायचे, की हॉलच्या दुसऱ्या टोकाला शिपायाच्या बशीतला चहा हिंदकळायचा. कचेरीत ते बादसाहेब झाले, गल्लीत बादकाका. घरात त्यांना साहेब कुणी म्हणत नसे, पण ते काय, सगळ्यांचंच तसं असतं.

एकतीस वर्षांनी माणूस निवृत्त होतो, त्याचे हात होत नाहीत. कागदांचा गठ्ठा हातात आला की बादकाकांची बोटं आपोआप पन्नास मोजून रबरबँड लावायची, आणि सुटा कागद असेल तर तो उलटा करून मागे सही ठोकायची. (शेजारच्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका हौसेने दाखवायला आणली, ती बादकाकांनी मागे सही करून परत दिली. शेजारी बिचारे अजून विचारात आहेत.)

तर खोली. घर तीन खोल्यांचं आणि माणसं पाच. बादकाका, काकू, बादकाकांची आई म्हणजे सगळ्यांची आजी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली आणि म्हणून घरात वकीलीण म्हणवली जाणारी मुलगी, आणि लग्नाचा विषय निघाला की सायकल खोलून बसणारा बादकाकांचा धाकटा भाऊ. मागच्या बाजूला चौथी खोली होती, दहा बाय दहाची, पण ती एका विमा एजंटला भाड्याने दिलेली. तो लग्न करून सासरी राहायला गेला आणि खोली रिकामी झाली.

बादकाकांचा त्या खोलीवर जीव जडला होता. या माणसाला जन्मात कधी दार लावून बसता आलं नव्हतं हो! लहानपणी चार भावंडांत एक खोली, कचेरीत चाळीस टेबलांचा हॉल, आणि आता बाथरूममध्ये गेले तरी दुसऱ्या मिनिटाला दारावर थाप. त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं. जगभरात मतं कशी घालतात, कशी मोजतात आणि त्यातून माणसांचं काय होतं, यावर जाडजूड पुस्तक. त्याच्या सतरा फायली पलंगाखाली धूळ खात पडल्या होत्या. एक टेबल, एक आरामखुर्ची आणि आतून कडी असलेलं एक दार, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि त्या सकाळी चहाचा कप पुढे ठेवत काकूंनी आपणहून विचारलं, "अहो, त्या मागच्या खोलीचं काय करायचं?"

बादकाकांनी कप उचलला, फुंकर मारली आणि म्हणाले, "मतदान घेऊ."

"कशासाठी?"

"घरात लोकशाही आहे म्हणून."

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

या प्रश्नाकडे बादकाकांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. कारण त्यांच्या डोक्यात हिशेब तयार होता. पाच माणसं, पाच इच्छा. काकूंना शिवणयंत्र पॅसेजमधून खोलीत न्यायचं होतं, वकीलिणीला अभ्यासाला शांतता हवी होती, धाकट्याला सायकलींसाठी जागा, आजीला दुपारी दोन ते चार झोपायला कोपरा. प्रत्येकाला आपापलं एक मत. बादकाकांना मात्र दोन, कारण आई आपल्या मुलालाच मत देणार. ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याची खोली. दोन विरुद्ध एक, एक, एक. बादकाकांना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. शिवाय आपण मागून घेतली असं नाही, जिंकून घेतली असं होणार!

रविवार ठरला. बादकाकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मतपत्रिका आखल्या. काकूंना कात्री, वकीलिणीला पुस्तक, धाकट्याला सायकल, आजीला उशी आणि स्वतःला खुर्ची अशी चिन्हं दिली. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली. कपाटाचं दार उघडून त्याच्या आड मतदानाचा आडोसा केला. प्रत्येक पत्रिकेच्या मागे अधिकारी म्हणून ऐटदार सही केली.

पण मध्ये गुरुवारी एक गोष्ट घडली. जवळच्या शाळेतून काकूंना निरोप आला की ऐंशी मुलांच्या गणवेशाचे शर्ट शिवून हवेत, पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही सांगा. काकू आजवर पॅसेजमधल्या पिवळट दिव्याखाली बसून गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवत आल्या होत्या. येणाराजाणारा प्रत्येकजण त्यांच्या पाठीला घासून जायचा. एकदा धाकट्याच्या सायकलचं हँडल यंत्राला लागलं आणि सुई मोडून काकूंच्या बोटात गेली होती. असलं ऐंशीचं काम त्यांना पहिल्यांदाच सांगून आलं होतं, आणि ते पॅसेजमध्ये होणारं नव्हतं.

"मला खोली हवीच आहे बाई," काकू लेकीला म्हणाल्या. "पण यांचं काय चाललंय ते बघतेस ना? आता मलाही उभं राहणं आलं."

रविवारी मतदान शांततेत पार पडलं. (आजीने आडोशात जाऊन मोठ्याने "फुली कुठे मारायची?" असं विचारलं, तेवढा अपवाद.) बादकाकांनी चष्मा पुसला आणि डबा उघडला.

"कात्री. कात्री. खुर्ची. कात्री..." त्यांचा आवाज उतरत गेला. पाचव्या पत्रिकेशी येताच पुन्हा चढला. "आणि ही बाद! हिच्यावर सायकलच्या ग्रीसचा अंगठा उमटलाय. मतदाराची ओळख पटते. गुप्तता भंग!"

"अरे दादा," धाकटा म्हणाला, "आपण पाचच जण आहोत. फुली बघून सुद्धा ओळख पटते."

"नियम म्हणजे नियम. कुणासाठीही वाकायचा नाही."

वाकायचं कारणही नव्हतं. कात्रीला तीन, खुर्चीला एक. बादकाकांनी आईकडे पाहिलं, तसं लहानपणी फक्त मोठ्या भावाने लाडकी गोटी लांबवली तेव्हा पाहिलं होतं.

"आई, तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता की," आजी म्हणाली. "पण काल संध्याकाळी या तिघांचं ठरलेलं मी ऐकलं. तुझी बायको पोरीला टेबल देणार, धाकट्याला भिंतीला एक सायकल टेकवू देणार. तीन मतं तिकडे झाली. मग तुला मत घालून मी करू काय? फुकट गेलं असतं ना रे."

"हेच! हेच ते!" बादकाका एकदम उठून उभे राहिले. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढं तेज कुणी पाहिलं नसेल. "माझ्या आठव्या फायलीत हेच आहे! ज्याला जास्त मतं तो सगळं घेऊन जाणार, अशी पद्धत असली की लहान पक्ष जगतच नाहीत. मत वाया जाईल या भीतीने लोक दोन मोठ्यांपैकी एकाच्या मागे धावतात. शेवटी दोनच पक्ष उरतात."

"आपल्याकडे तर दीडच उरला," काकू म्हणाल्या.

"दोष माझा नाही, पद्धतीचा आहे. दुसऱ्या पद्धतीने घेऊ."

"घ्या," काकू म्हणाल्या. "माणसं तीच आहेत ना?"

इथे काकू चुकल्या. माणसं तीच असली तरी पद्धत बदलली की माणसं बदलतात, हे बादकाकांना एकतीस वर्षांत पुरतं कळलं होतं. सोमवारी त्यांनी जाहीर केलं की आता वाटणीचं मतदान. जेवढी मतं तेवढी जागा. दहा फूट रुंद खोली, पाच मतं, म्हणजे मताला दोन फूट. कुणाचंही मत वाया जाणार नाही, प्रत्येकाने मनापासून द्यावं.

डाव साधा होता. मत वाया जायची भीती गेली की काकूंची आघाडी फुटणार. मग सुटे पक्ष गोळा करून बादकाका सगळ्यांचं नेतृत्व करणार, आणि नेत्याची खुर्ची मधोमध.

आघाडी फुटली, अगदी ठरवल्यासारखी फुटली. वकीलीण म्हणाली, आईच्या खोलीत टेबल मिळण्यापेक्षा माझी स्वतःची जागा काय वाईट? धाकटा म्हणाला, एक सायकल टेकवण्यापेक्षा दोन फुटांत मी चार लावीन. आजीने उशीला मत दिलं. निकाल लागला: एक, एक, एक, एक, एक.

बादकाकांनी खडूने जमिनीवर चार रेघा मारल्या आणि खोलीचे पाच देश झाले. प्रत्येकाला दोन फूट रुंद आणि दहा फूट लांब पट्टी. चिठ्ठ्या टाकून पट्ट्या वाटल्या. खिडकी गेली वकीलिणीकडे, दिव्याचं बटण धाकट्याकडे, प्लग काकूंकडे आणि दार आलं आजीच्या पट्टीत. बादकाकांना मिळाली मधली पट्टी. तिला भिंतसुद्धा नव्हती.

त्यात आरामखुर्ची निघाली सव्वादोन फुटांची. ती ठेवली की काकूंच्या हद्दीत तीन इंच अतिक्रमण व्हायचं. काकूंचं शिवणयंत्र तर तीन फुटांचं. कापड कापायला पसरलं की ते तीन देशांवरून जायचं, आणि दर वेळी दोन शेजाऱ्यांची लेखी परवानगी लागायची. (लेखीचा आग्रह वकीलिणीचा.)

पुढचे चार दिवस त्या खोलीत जे झालं, त्यावर बादकाकांच्या पुस्तकाचं अख्खं प्रकरण व्हावं. मंगळवारी वकीलीण आणि धाकटा एकत्र आले, कारण खिडकी आणि दिवा मिळून उजेड होतो. बुधवारी सकाळी धाकट्याने दिव्याचं बटण बंद ठेवून पाठिंबा काढला. बुधवारी दुपारी त्याने जाहीर केलं की आपले दोन पक्ष आहेत, एक सायकलींचा आणि एक सुट्या भागांचा, आणि त्यांचं आपसात पटत नाही.

"एका माणसाचे दोन पक्ष कसे होतील?" बादकाका ओरडले.

"तूच म्हणालास ना दादा, लहान पक्षांना या पद्धतीत जगता येतं!"

सगळ्यांत लहान पक्ष आजीचा, आणि सगळे तिच्या दारात. खोलीत शिरायचं तर तिच्या पट्टीतून जावं लागायचं आणि दोन ते चार ती पट्टी झोपलेली असायची. आजीने उशीखाली कागद ठेवला होता. कोण आज पाय दाबून देणार, कोण कानातलं औषध घालणार, कोण तीच ती जुनी हकीकत पुन्हा ऐकणार, त्याची बारी लावली होती. जो बारी चुकवेल त्याला प्रवेश नाही. पाच जणांत एक मत असलेली म्हातारी चार दिवस सगळ्यांना नाचवत होती, आणि तिच्या गालावर अशी लाली आलेली घरात गेल्या दहा वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

बादकाका मधल्या पट्टीत खुर्ची तिरकी लावून, गुडघे जवळ घेऊन बसायचे. चार दिवसांत त्यांनी पुस्तकाची एक ओळ लिहिली आणि ती खोडली. पण हार मानतील तर ते बादकाका कसले!

गुरुवारी संध्याकाळी काकू शिवणयंत्रावर डोकं टेकून बसलेल्या त्यांनी पाहिल्या.

"अहो, परवा दुपारी मला शाळेला सांगायचंय," काकू म्हणाल्या. "या दोन फुटांत शर्टाची एक बाही कापून होत नाही. ऐंशी शर्ट कुठे शिवू? तुमच्या मांडीवर?"

बादकाकांना गलबलून आलं. पण कसं असतं, माणसाला वाईट वाटतं तेव्हाही त्याचा हिशेब डोक्यात चालूच असतो.

"शनिवारी सकाळी शेवटचं मतदान," ते म्हणाले. "दोन फेऱ्यांचं. पहिल्या फेरीत सगळे पक्ष, दुसऱ्या फेरीत फक्त वरचे दोन. पहिलीत माणूस मनाने मत देतो, दुसरीत डोक्याने. निकाल एकदम पक्का. त्यानंतर मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"लिहून द्या," वकीलीण म्हणाली, आणि तिने तिथल्या तिथे नियम लिहून काढले. पहिला नियम, उमेदवाराने अधिकारी व्हायचं नाही, म्हणून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्या मोजणी करणार. दुसरा, पत्रिकेवर सिस्टरांची सही असेल, तिच्याशिवाय मतदाराची ओळख पटेल अशी कसलीही खूण दिसली तर मत बाद. तिसरा, मतं समसमान पडली तर आधी जो निवडणूक जिंकलाय तोच कायम.

तिसऱ्या नियमाला बादकाका खदाखदा हसले. "अगं वेडे, पाच मतांत समसमान होतंच कसं? हा नियम लिहून शाई कशाला वाया घालवलीस? पण असू दे, असू दे." आणि त्यांनी कागदाखाली सही केली. शिवाय सवयीने कागद उलटा करून मागेही केली.

शुक्रवारी बादकाकांनी प्रचार केला. आईला सांगितलं, खोली मला मिळाली तर रोज दोन ते चार मी फिरायला जाईन आणि तू माझ्या खुर्चीत झोप. आजीने या वेळीही शब्द दिला आणि वर म्हणाली, "आता सगळ्यांनी माझे पाय दाबून झाले. एकदा तुझंही होऊ दे."

शनिवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या रिकाम्या केल्या आणि पहिली फेरी वेळ वाचावा म्हणून हात वर करून घेतली. खुर्चीला दोन, बादकाका आणि आजी. कात्रीला दोन, काकू आणि वकीलीण. लेकीने आईचं बोट पाहिलं होतं, म्हणून तिने आपलं पुस्तक आपणहून मिटलं. सायकलला धाकट्याचं एक. सायकल बाहेर पडली, आणि आता सगळं धाकट्याच्या हातात आलं.

बादकाकांनी त्याला अंगणात नेलं. "बोल, काय हवंय?"

"मागच्या भिंतीला पत्र्याची शेड."

"दिली. दोन्ही पक्षांसाठी."

"मग दादा, मत तुलाच. माझा शब्द."

आणि धाकटा शब्दाचा पक्का होता. खुर्चीला तीन, कात्रीला दोन. बादकाकांनी सतरा फायली पलंगाखालून काढून झटकल्या, खुर्चीवर ठेवल्या आणि खुर्ची मागच्या खोलीच्या दाराशी आणून लावली. निकाल लागला की आत सरकवायची फक्त.

सिस्टरांनी पाच पत्रिकांवर सह्या केल्या. एकेकजण कपाटाच्या दाराआड जाऊन आला. बादकाका सगळ्यांत शेवटी गेले. चिन्हांवरून एकदा प्रेमाने नजर फिरवली, खुर्चीवर ठसठशीत फुली मारली, पत्रिका उलटली, नीट घडी घातली आणि डब्यात टाकून शीळ घालत खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

सिस्टर इंजेक्शन देतानाच्या आवाजात वाचू लागल्या. "कात्री. खुर्ची. खुर्ची. कात्री."

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. शाळेचा नंबर लिहिलेला कागद त्यांच्या समोरच होता.

"आणि शेवटचं," सिस्टर म्हणाल्या, "खुर्ची."

बादकाकांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली. काकूंनी तो कागद घडी करून ठेवून दिला. त्या यंत्रावरचा दोरा गुंडाळू लागल्या.

"थांबा हं," सिस्टर म्हणाल्या. "या पत्रिकेच्या मागे माझ्या सहीखाली आणखी एक सही आहे. हिचं काय करायचं?"

बादकाकांची सगळ्यांकडे पाठ होती. हातात खुर्ची होती. पण प्रश्न कानावर पडला आणि एकतीस वर्षं एकदम छातीत भरून आली.

"बाद!"

आजीच्या बशीतला चहा हिंदकळला.

"ओळख पटते म्हणजे बाद! त्यात विचारायचं काय?" बादकाका खुर्ची पुढे ढकलत म्हणाले. "एक मत गेलं तर गेलं! कुणी केली ती सही? धाकट्या, तूच ना रे?"

बादकाका मागे वळले. पाचही जण त्यांच्याकडे बघत होते, आणि धाकट्याने तर तोंडावर हातरुमाल दाबून धरला होता.

"बादकाका, जरा इकडे या," सिस्टर म्हणाल्या. "लांबलचक आहे. शेवटी दोन टिंबं दिलीत."

बादकाकांनी चष्मा चढवला, पत्रिका उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. असली सही त्यांनी आयुष्यात कित्येक लाख वेळा केली होती. ओळख पटायला वेळ लागला नाही.

"ही... ही सवयीने झालेली सही आहे," ते म्हणाले.

"धाकट्या काकांचा अंगठाही सवयीनेच उमटला होता, बाबा," वकीलीण हळूच म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," आजीने आठवण करून दिली. "कुणासाठीही वाकायचा नाही."

"कात्री दोन, खुर्ची दोन, बाद एक," सिस्टरांनी जाहीर केलं. "समसमान. म्हणजे आधी जिंकलेला उमेदवार कायम. आधी कोण जिंकलं होतं?"

"पाच मतांत समसमान होतंच कसं?" बादकाका पुटपुटले.

"असं," धाकटा म्हणाला.

बादकाका फायली बाजूला सारून खुर्चीत बसले. एकाएकी त्यांचं वय दिसायला लागलं. सगळ्या जगातल्या पद्धती पाठ असलेला हा माणूस घरातल्या घरात तीनदा हरला होता, आणि तिसऱ्यांदा तर स्वतःच्या आरोळीने. काकूंनी शाळेला फोन लावला, "हो, शिवते, ऐंशीही शिवते," असं सांगितलं. फोन ठेवून त्या खुर्चीपाशी आल्या.

"अहो, एक सांगू? त्या दिवशी चहा देताना मी विचारलं होतं, ते तुम्हाला द्यायची म्हणूनच विचारलं होतं. फायली पलंगाखाली किती दिवस ठेवणार म्हटलं. तेव्हा शाळेचं काम आलंही नव्हतं. नुसतं 'मला हवी' म्हणाला असतात तर संपलं असतं."

बादकाकांनी सतरा फायली उचलल्या आणि पुन्हा पलंगाखाली सारल्या.

सोमवारी काकूंचं यंत्र खिडकीखाली लागलं. जमिनीवरच्या खडूच्या रेघा पुसल्या, पण काकूंनी दाराजवळची एक पट्टी तेवढी राखून ठेवली. मोजून सव्वादोन फुटांची. तिथे आरामखुर्ची आली. दाराला आतून कडी लागली आणि बादकाका जन्मात पहिल्यांदा बंद दाराआड बसले. यंत्राचा खडखडाट चालू होता, त्याला इलाज नव्हता. पुस्तकही मागे पडलं, कारण ऐंशी शर्टांना प्रत्येकी सात बटणं लागतात आणि मोजायला घरात अनुभवी माणूस एकच.

बादकाका मनापासून कामाला लागले. पन्नासाचा गठ्ठा करायचा त्यांचा आग्रह काकूंनी मोडून काढला. सात-सात बटणांच्या कागदी पुड्या झाल्या, प्रत्येकीवर रबरबँड, प्रत्येकीच्या मागे सही. संध्याकाळपर्यंत ऐंशी पुड्या टेबलावर ओळीने उभ्या राहिल्या. बादकाकांची छाती फुगली. म्हणाले, "एकतीस वर्षांत एका मताचा फरक कधी पडला नाही. डोळे मिटून लाव."

काकूंनी पहिलीच पुडी उघडली, तळहातावर ओतली आणि दोनदा मोजली. सहा. त्यांनी ती रिकामी पुडी खिडकीतल्या उजेडाकडे धरली, मागची सही नीट पाहिली, एक डोळा मिटला.

"बाद!"